एथिक्स कमिटी मेंबरांचं जळगावचं ट्रेनिंग: 5 पैकी 3

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. भुसावळला बियाण्याचं दुकान आहे आणि एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीत मी 'ले पर्सन', म्हणजे औषधांच्या ट्रायलचे कागद बघून सामान्य माणसाच्या बाजूने बोलायचं. औषधांच्या ट्रायलच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे ले पर्सन नसला तर कोरमच होत नाही, म्हणून मीटिंगच्या आदल्या दिवशी फोन ठरलेला, "काका, येताय ना उद्या?" गेलो की चहा-बिस्कीट, सही, घरी. दोन वर्षं हेच केलं, खोटं कशाला बोलू. मेंबरांनी ट्रेनिंग घ्यायला पाहिजे हेही त्याच नियमांत आहे, मग कॉलेजने जळगावला दोन दिवस पाठवलं. फी 1500, कॉलेजने भरली. घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, चांगली माणसं आहेत.

पहिला दिवस वाया. न्यूरेंबर्ग 1947, हेलसिंकी 1964, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांच्या नियमांचा इतिहास, सगळ्या स्लाइड इंग्रजीत आणि एसी एवढा की वकील मॅडम पदर घट्ट गुंडाळून झोपल्या. टस्कगीचं ऐकून मात्र मी सरळ बसलो, अमेरिकेत 1932 ते 1972 सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या लोकांना उपचार न देता नुसतं बघत बसले, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. सरांनी ते दोन मिनिटांत उरकलं आणि एसएई, एलएआर, आयसीएफ सुरू. एसएई म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटला काही गंभीर झालं तर डॉक्टरने 24 तासांत कळवायचं, एलएआर म्हणजे पेशंटच्या वतीने कायद्याने सही करू शकणारा माणूस आणि आयसीएफ म्हणजे संमतीचा फॉर्म, हे मला जेवताना शेजारच्याने सांगितलं. जेवण सांगू का, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, त्याला 5 पैकी 5.

पैसे वसूल झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. नंदुरबारकडच्या एक मॅडम आल्या, स्लाइड नाही काही नाही, पाच-पाच जणांना एक बनवलेली केस दिली: धडगावची आश्रमशाळा, 10 वर्षांची पोरं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त घ्यायचं, संमतीवर सही मुख्याध्यापकांची. आमच्या ग्रुपने लगेच पास केलं, आईबाप ऊसतोडीला गेलेले, सर आहेतच की! मॅडम शांतपणे म्हणाल्या, तेलंगणातल्या खम्मममध्ये हेच झालं होतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या वेळी हॉस्टेलच्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डनच्या सह्या होत्या, 2013 मध्ये संसदेच्या समितीने त्यावर चांगलेच ताशेरे ओढले. आणि आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये आईबापाची संमती तर पाहिजेच, वर 7 वर्षांपुढच्या पोराला पण विचारायचं, 12 पर्यंत तोंडी आणि पुढे लेखी. आम्ही पाचही जण खाली बघत होतो.

मग एका ट्रायलचा मराठी फॉर्म दिला, म्हणे शेजाऱ्याला अहिराणीत समजावा. 'यादृच्छिक पद्धतीने' इथे गाडी अडली. शेजारी हसून म्हणे, "माले काहीच समजनं नही." मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकून ठरवणार भो, कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं. मॅडम म्हणाल्या, मग फॉर्ममध्ये हेच लिहायला लावा ना! आणि धडगावकडे तर पावरी बोलतात, तिथे अहिराणीही चालायची नाही.

एवढं चांगलं सेशन सव्वा तासात गुंडाळलं, कारण सर्टिफिकेटचा फोटो काढायचा होता. माझ्या सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय.

अजून एक राहिलंच, मीटिंगमध्ये नाही कसं म्हणायचं ते कोणीच शिकवलं नाही. निम्मे मेंबर कॉलेजबाहेरचे, चेअरमन पण बाहेरचा, हे नियमांत आहे ते बोलता यावं म्हणूनच ना, पण प्रोजेक्ट एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांचा असला आणि सर बाहेर दाराशी उभे असले की आत आमच्यासारख्याची जीभ टाळूला चिकटते.

परत आल्यावर पहिल्याच मीटिंगला मी विचारलं, हा फॉर्म अहिराणीत आहे का. दोन मिनिटं सगळे गप्प. मग सेक्रेटरी सर म्हणाले करून घेऊ. तीन महिने झाले, अजून आलेला नाही, आणि मी अजून सही केलेली नाही.