निकोटीन गम : औषध चांगले, समजावून देणारे कोणी नाही

औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारा २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मी सिगारेट सोडताना वापरला. औषध म्हणून त्याविषयी माझे मत निःसंशय चांगले आहे. परंतु तो आपल्याकडे ज्या रीतीने विकला जातो, त्याविषयी गंभीर तक्रार आहे. मी जिथून घेतला तिथे तो कसा घ्यायचा याविषयी चकार शब्द निघाला नाही, आणि वेष्टनातले माहितीपत्रक होते ते बारीक अक्षरातले, निव्वळ इंग्रजी. या औषधाचा गुण तर जवळजवळ सगळा ते घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो.

हा गम सलग चघळायचा नसतो. सावकाश काही वेळा चावला की जिभेला मिरीसारखा झणका लागतो आणि हिरडीजवळ किंचित चुणचुणते. तेवढ्यावर चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, झणका ओसरला की पुन्हा थोडा चावून तोंडातली जागा बदलायची, आणि असे साधारण अर्धा तास करायचे. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते. भराभर चावल्यामुळे ते लाळेबरोबर पोटात गेले, तर त्यातले बरेचसे यकृतातच निष्प्रभ होते आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला उचकी, जळजळ आणि मळमळ तेवढी येते. ‘गम घेऊन पाहिला, काही फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो की तो चावला कसा.

चहा-कॉफी, फळांचा रस आणि शीतपेये यांच्या आम्लतेमुळे निकोटीन नीट शोषले जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत ती टाळावी लागतात. ज्यांची सिगारेट चहाच्या कपाला जोडलेली असते, त्यांना हा नियम सर्वांत जड जातो. त्यांनी चहा आधी उरकावा आणि टपरीवर रेंगाळू नये. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक सिगारेट सहज हातात पडते, आणि तलफ आलेल्या माणसाला ती एकच पुरते.

सिगारेटमधले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गमला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे तलफ शिगेला पोहोचल्यावर तो तोंडात टाकण्यापेक्षा पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, या हिशेबाने घ्यावा आणि पुढे अंतर वाढवत सुमारे बारा आठवड्यांत थांबवावा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना सहसा ४ मिलिग्रॅमचा गम सुचवला जातो, आणि त्यासाठी चिठ्ठी लागते.

एक व्यसन सोडून दुसरे कशाला, हा आक्षेप मला मान्य नाही. निकोटीन माणसाला बांधून ठेवते हे खरे, पण कर्करोग आणि हृदयविकार यांचा मुख्य धोका धुरात आहे. त्यात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. गममध्ये धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. ई-सिगारेटकडे वळू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

अर्थात गम म्हणजे जादू नव्हे. निकोटीन देणाऱ्या औषधांमुळे सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी वाढते. ते समुपदेशन १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मिळते. हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, म्हणजे ज्याला त्याची गरज आहे त्याच्या खिशातच तो असतो. दुकानदाराने न सांगितलेली चावण्याची रीतही तिथे विचारता येईल.

गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण आणि जबड्याच्या सांध्याचे दुखणे असलेले यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये. कवळीला तो चिकटतो. वापरलेला तुकडासुद्धा कागदात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा, कारण त्यात निकोटीन शिल्लक असते.