ई-सायकलला वायर डिस्क की ऑइल डिस्क? खानदेशातल्या रस्त्यांपुरतं उत्तर

ई-सायकल घेताना लोक बॅटरीवर आणि रेंजवर महिनाभर खल करतात, आणि ब्रेकचं मात्र "डिस्क आहे ना, मग झालं" एवढ्यावर भागवतात. डिस्क आता बऱ्याच गाड्यांना येते. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडनी चिमटणं. विचार करायचा तो ती वायरची (लिव्हरची तार पॅड आवळते) हवी की ऑइलची (नळीतल्या तेलाचा दाब पॅड आवळतो), याचा. भुसावळ-यावल-फैजपूर पट्ट्यात मी दोन्ही वापरल्या आहेत.

नुसतं थांबणं बघितलं तर ऑइल ब्रेक सरस, यात माझा वाद नाही. बॅटरीसकट ही सायकल वीस-पंचवीस किलोची, आणि ताशी २५ किलोमीटरला ती सेकंदाला सात मीटर पुढे जाते. समोरचा केळीचा ट्रक अचानक थांबला, तर आपण दचकून लिव्हर धरेपर्यंतच ते सात मीटर गेलेले असतात. उरलेलं अंतर ऑइलवर दोन बोटांत आवरतं, चाक जाम न करता. वायरला मूठ आवळावी लागते. मागे पोतं असेल तर मनगटाला चांगलंच कळतं.

पॅडच्या झिजेचंही तसंच. स्वस्तातल्या वायर कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्क चिमटणाऱ्या पकडीत, एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर बसलेला. तो झिजला की मागची खुंटी फिरवून पुढे आणावा लागतो. आपल्याकडची धूळ वायरच्या आवरणात शिरते, पावसाळ्यात गंज धरतो, आणि ब्रेक जड होतो. ऑइल ब्रेक झीज स्वतःच भरून काढतो. फक्त त्यामुळेच पॅड संपत आल्याचं हाताला कळत नाही. वायरचा लिव्हर हँडलकडे येऊ लागतो आणि आधीच सांगतो.

इथपर्यंत वाचून कोणीही ऑइलच घेईल. मीही घेतला होता, आणि ब्रेक म्हणून तक्रार नव्हती. मला वैताग आणला तो पंक्चरने.

शेतरस्त्याने, पाटचारीच्या कडेने जाणाऱ्याला बाभळीचा काटा काही चुकत नाही. आणि आपला पंक्चरवाला पहिलं काम काय करतो? सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करतो. ई-सायकलच्या मागच्या चाकात मोटर, तिची वायर, म्हणून तो चाक खोलत नाही, तसाच टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढतो. त्याचंही बरोबरच आहे. पण लिव्हरजवळच्या ऑइलच्या टाकीत थोडी जरी हवा असेल तर ती उलट्या सायकलीत नळीकडे सरकते. सरळ केल्यावर लिव्हर मऊ लागतो, कधी थेट हँडलला टेकतो. सायकल सरळ धरून लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबला की बहुतेकदा ताळ्यावर येतो. ब्लीडिंग (आतली हवा काढून ऑइल भरणं) नीट केलेलं असेल तर हे व्हायला नको, हेही खरं. पण मे महिन्याच्या उन्हात, पंक्चरचे पैसे देऊन निघताना हे दर वेळी कोणाच्या लक्षात राहतं? "उलटी नको करू भो" म्हटलं की तो आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतो. त्यात पुढचं चाक काढलेलं असताना दुकानातल्या पोराने गंमत म्हणून लिव्हर दाबला, की दोन्ही पॅड मिटतात आणि पेचकसाने फाकवत बसावं लागतं.

ब्लीडिंगची आणखी एक गोष्ट. सायकलच्या ऑइल ब्रेकमध्ये बहुतेकदा मिनरल ऑइल असतं, मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीत डॉट फ्लुइड, म्हणजे वेगळ्याच जातीचं ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर सील खराब होतात. तालुक्याच्या गॅरेजात हात आधी मोटरसायकलच्या बाटलीकडेच जातो. वायर तुटली तर कुठल्याही सायकल दुकानात मिळते आणि चहा संपेपर्यंत बसते.

काहीही घ्या, लिव्हरमधला मोटर कट-ऑफ (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच) चालू आहे का ते बघा. पेडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते, आणि थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायची सोय) असेल तर विचारूच नका. मागचं चाक उचलून मोटर फिरवा, ब्रेक हलका दाबा, ताकद तिथल्या तिथे तुटली पाहिजे. नंतर वायरचा ऑइल करून घेणार असाल तर नव्या लिव्हरला कट-ऑफची वायर येते का, हे आधी विचारा. बऱ्याच जणांचं ते तिथेच सुटतं.

चाळीसगावकडून कन्नड घाट, नाहीतर तोरणमाळ, असं नेहमीचं जाणं असेल तर ऑइलच घ्या. लांब उतारावर मूठ आवळून हात थकवण्यात अर्थ नाही. जळगावात राहता, ब्लीडिंग जाणणारा माणूस हाताशी आहे, तरीही मी अडवणार नाही. बाकीच्यांनी दुकानदाराला दोन्ही पॅड हलणाऱ्या वायर कॅलिपरबद्दल विचारून बघावं. साध्यापेक्षा थोडा महाग पडतो, पण खुंटीची कटकट बरीच कमी होते. पुढच्या चाकाला १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क बसत असेल तर तीही घ्या, कारण थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं. माझ्या सायकलला सध्या हेच आहे. पंक्चरवाल्याला ती हवी तशी उलटी करू देतो.