नाणी ग्रेडिंगला पाठवावीत का? एका हिशेबी संग्राहकाचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे सांगते.

ज्यांना ही भानगडच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही नाणं पाठवता. संस्था ते खरं की बनावट हे तपासते, 1 ते 70 मधला एक आकडा देते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ते कायमचं बंद करून परत पाठवते. वर लेबल, क्रमांक, बारकोड. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. संस्थेचं नाव मी देत नाही, कारण माझ्या बऱ्याच तक्रारी एकूण पद्धतीबद्दल आहेत आणि ती पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच आहे.

आता माझी बाजू. मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते, त्यामुळे नफ्याचं मला वावडं नाही. 'मी फक्त इतिहासासाठी नाणी जमवतो' असं छातीठोक सांगणारे लोक लिलावाच्या दिवशी कसे घामाघूम होतात तेही पाहिलंय. पण नाणं हातात घेतल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'हे कोणाकोणाच्या हातातून गेलं असेल' हाच. 'केवढ्याला जाईल' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं ही सेवा काय करते, हे मला बघायचं होतं.

अर्जातच उत्तराची चुणूक मिळते. नाण्याचं वर्णन थोडक्यात, पण 'घोषित मूल्य' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. शुल्क त्यावर, विमा त्यावर, काम किती दिवसांत होणार तेही त्यावर. नाणं कोणाकडून आलं, आधी कोणाच्या संग्रहात होतं, कुठे सापडलं, यासाठी रकानाच नाही. हिशेबनीस म्हणून मला हे पटतं. चुकून खोट्याला खरं म्हटलं तर भरपाई द्यायची त्यांनी, मग जोखीम मोजणारच. संग्राहक म्हणून मात्र मी तो अर्ज पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिला.

खरं-खोटं तपासण्याचं काम ते फार चोख करतात, इथे पूर्ण गुण. माझ्याकडे मेक्सिकोच्या टाकसाळीचं म्हणवणारं एक आठ रियालचं नाणं होतं (मेक्सिको स्पेनच्या ताब्यात असतानाचं मोठं चांदीचं नाणं). वजन जवळजवळ बरोबर, 27 ग्रॅमच्या आसपास. पण घरी दोऱ्याला टांगून पाण्यात तोललं तेव्हा घनता कमी भरली. शुद्ध चांदीची घनता 10.49, या नाण्यांत साधारण दहा टक्के तांबं, म्हणजे 10.3 च्या जवळपास यायला हवी. माझ्या नाण्याची नऊच्याही खाली आली. संस्थेने क्ष-किरणांनी धातू तपासला, त्यात चांदीचा पत्ता नव्हता. 'अस्सल नाही' असं लिहून साध्या पाकिटात परत. शुल्क परत मिळालं नाही, आणि मिळू नयेच. काम तर त्यांनी केलंच होतं.

फक्त माझा खरा प्रश्न तिथेच अडकून राहिला. हे बनावट नाणं गेल्या दहा वर्षांत गिऱ्हाइकाला फसवायला केलेलं, की त्याच काळात बाजारात खपवायला पाडलेलं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही नाणी अर्ध्या जगात चालत होती. अमेरिकेत तर 1857 पर्यंत ती कायदेशीर चलन होती. जे नाणं एवढं चालतं त्याची नक्कल त्या काळातही होणारच, आणि ती नक्कल हाही इतिहासच. तिचा अभ्यास करणारे, ती हौसेने जमवणारे लोक आहेत. पण संस्थेच्या लेखी खोटं ते खोटं. विमा कंपनीला यापेक्षा जास्त नको असतं. मला हवं होतं.

आता ज्या नाण्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. हेही मेक्सिकोचंच आठ रियाल, साल 1789. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस डिसेंबर 1788 मध्ये वारला. बातमी समुद्र ओलांडून यायची, मग नव्या राजाच्या चेहऱ्याचा नमुना यायचा, मग साचे कोरायचे. तोवर टाकसाळ बंद ठेवून चालत नाही. म्हणून या नाण्यावर नाव आहे चौथ्या कार्लोसचं आणि तोंड आहे मेलेल्या तिसऱ्याचं. हे नाणं पुढे चीनच्या किनाऱ्यावर पोचलं. तिथल्या सराफांनी चांदी पारखली आणि खात्री पटली की आपापला ठसा मारला. राजाच्या गालावर एक, मानेवर एक, मागच्या बाजूला ढालीवर तीन. एक ठसा इतका खोल आहे की दुसऱ्या बाजूला फुगवटा आलाय; बोट फिरवलं की लागतो. भिंगाखाली गालावरच्या अक्षराच्या कडा अजून धारदार दिसतात आणि राजाचे केस मात्र झिजून सपाट झालेत. म्हणजे नाणं आधी भरपूर चाललं, ठसा नंतर बसला. एका नाण्यावर एवढं सगळं वाचता येतं.

संस्थेचा निकाल: आकडा नाही. 'तपशील: ठसे मारल्याने नुकसान'.

काही ठिकाणी अशा नाण्यांना हल्ली आकडा देतात. इथे दिला नाही. एका व्यापाऱ्याला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "मॅडम, नाण्याला इतिहास असतो, गिऱ्हाइकाला घाई असते. लेबलवर नुकसान दिसलं की तो पुढचं पान उलटतो." त्याचं चूक नाही. पण या पद्धतीचा मूळ स्वभाव इथे उघडा पडतो. नाणं टाकसाळीतून निघालं त्या क्षणी जसं होतं तसं ते किती उरलंय, एवढंच आकडा मोजतो. 60 च्या पुढे म्हणजे ज्याने बाजार पाहिलाच नाही असं नाणं. मला ज्यात रस आहे ते सगळं टाकसाळीच्या दाराबाहेर घडलेलं असतं.

तसा हा आकडा जन्मालाच बाजारभावातून आला. 1949 मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जुन्या एक सेंटच्या तांब्याच्या नाण्यांसाठी ही मोजपट्टी काढली. 1 दर्जाच्या नाण्याला एक पट किंमत, तर 70 ला सत्तर पट, असा सरळ हिशेब. किमतीचं गणित थोड्याच काळात कोलमडलं, पट्टी राहिली, आणि 1980 च्या दशकात स्लॅबवाल्या संस्था निघाल्यावर ती जगभर गेली. याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी लांबवून तिथे आपली डावी नाणी ठेवली होती, हे पुढे उघड झालं. दर्जा कसा ओळखायचा हे त्याच्याइतकं कोणाला कळणार!

नफ्यामुळे इतिहासाचं भलंही होतं, हे मान्य करायला हवं. नाणी घासूनपुसून चकाचक करण्याची खोड लोकांना बाजारानेच सोडायला लावली. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, किंमत पडते, म्हणून माणसं हात आवरतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर कालांतराने हिरवट चिकट थर चढतो. स्लॅबचं प्लास्टिक ते करत नाही. साठवणुकीसाठी डबी उत्तम. कड मात्र पांढऱ्या पट्टीत दडते. आठ रियालच्या कडेवर एकाआड एक गोल आणि चौकट असं नक्षीकाम असतं, बनावट ओळखायला ते फार कामाचं. कड दिसेल अशी डबी वेगळी मागावी लागते. आवर्जून मागा.

सगळ्यात जास्त चिडले ते चिठ्ठ्यांवरून. जुन्या संग्राहकांची नाण्याबरोबर कागदाची गोल चिठ्ठी ठेवायची पद्धत होती: बारीक अक्षरात वजन, साल, कोणाकडून घेतलं. माझ्या काही नाण्यांबरोबर त्या आल्या होत्या आणि मी त्या सोबतच पाठवल्या. परत आल्या त्या सगळ्या एका पाकिटात एकत्र, कोणती कोणाची याचा पत्ता नाही. माझ्याकडे फोटो होते म्हणून जुळवता आल्या. तक्रार केली तर नम्र उत्तर आलं की कागद ही आमची जबाबदारी नाही. इथे एक तारा गेला.

आणि यात नफ्याच्या दृष्टीनेही शहाणपण नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या 1970 च्या युनेस्को करारानंतर प्राचीन नाण्याचे जुने मालकी कागद म्हणजे रोकड झालीय. इतकी, की लोक ते खोटे बनवतात. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं, एका बाजूला तो स्वतः, दुसरीकडे दोन खंजीर आणि मधे टोपी, 2020 मध्ये विक्रमी किमतीला विकलं गेलं. मागाहून मालकीचा इतिहासच बनावट निघाला आणि 2023 मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. नाणं अस्सल, कागद खोटे. ज्या सेवेला कागदांशी देणंघेणं नाही ती या बाबतीत तुम्हाला काहीच संरक्षण देत नाही.

सापडलेल्या साठ्यांचंही तेच. इंग्लंडमध्ये फ्रोम इथे 2010 साली एका रांजणात 52,503 रोमन नाणी मिळाली. शोधणाऱ्याने उकरायचं थांबवून जाणकारांना बोलावलं आणि त्यांनी थराथराने नाणी काढली. सर्वांत नवी नाणी बऱ्याच खालच्या भागात निघाली, त्यावरून रांजण एका दमात भरला असावा असं कळलं. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर प्रत्येकाला डबी आणि दर्जा मिळाला असता, आणि ही गोष्ट कायमची गेली असती.

प्राचीन नाण्यांसाठी संस्था पाडकाम आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगवेगळे गुण देते. माझ्या अथेन्सच्या घुबडाला (घुबडाचं चित्र असलेलं प्राचीन चांदीचं नाणं) पाडकामाला चार मिळाले, पृष्ठभागाला तीन. एका आकड्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. फक्त लक्षात ठेवा, मी पाठवली तेव्हा अस्सलपणाची हमी या नाण्यांना लागू नव्हती. नियमांत बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं. उरलेला अर्धा तारा इथे.

आणि हो, भेट मिळालेलं एक अगदी नवंकोरं चांदीचं नाणंही पाठवलं होतं, कालपरवा यंत्रातून निघालेलं. त्याला 70. मी ते लगेच विकलं, चांगला फायदा झाला आणि त्या पैशात एक झिजका रोमन दिनारियस घेतला, ज्याला कोणी वीससुद्धा देणार नाही. पूर्ण आकड्यामागे धावणाऱ्या मंडळींचे मी मनापासून आभार मानते.

तर पाठवायचंच असेल तर विकायची नाणी पाठवा, महाग आणि बनावटीची शंका असलेली पाठवा. चिठ्ठ्या घरी ठेवा. पाठवण्याआधी दोन्ही बाजू, कड आणि वजनकाट्यावरचा आकडा यांचे फोटो काढा. स्वतःसाठी ठेवायचं असेल तर ते शुल्क पुस्तकांवर घाला.

1789 चं नाणं मी डबी फोडून बाहेर काढलं. डबी जाड कापडात गुंडाळून कोपऱ्यावर ठोकायची, नाण्यावर नाही. हमी अर्थातच संपली. लेबलचा फोटो चिठ्ठीबरोबर लावून ठेवलाय, आणि मूळ लेबल संस्थेला परत पाठवलं. असं न करता लोक तेच नाणं पुन्हा पुन्हा ग्रेडिंगला देतात, मग कोणत्या दर्जाची किती नाणी आहेत याच्या संस्थेच्या यादीत एकाच नाण्याची तीन होतात, आणि ती यादी बघून भाव ठरतात.