एसएसबीच्या ‘हमखास निवड’ क्लासचा अनुभव : पालक आणि उमेदवारांसाठी

सैन्यात अधिकारी होण्यासाठी सीडीएसची, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवांची, लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पुढे सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवसांच्या निवडप्रक्रियेतून जावे लागते. लेखी परीक्षेचा निकाल आणि एसएसबीचे बोलावणे यांच्या मधला जो अस्वस्थ काळ असतो, त्याच काळावर काही क्लासचा सगळा धंदा उभा आहे. पुण्यातील अशाच एका क्लासने माझ्या मुलीकडून तीन टप्प्यांत ४५ हजार रुपये उकळले. प्रकरण सध्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने क्लासचे नाव येथे देत नाही. मात्र पैसे काढण्याची त्यांची रीत ठरलेली आहे आणि ती इतरांनी पैसे भरण्यापूर्वी वाचावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मुलीने चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी अर्ज केला होता. या अकादमीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला २०० गुण असतात आणि एसएसबीलाही २००. त्यामुळे लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही निम्मी लढाई बाकी असते, आणि ती इंग्रजी किंवा सामान्य ज्ञानाची नसून व्यक्तिमत्त्व चाचणीची असते. इंग्रजीचे पुस्तक आणून अभ्यास करता येतो. स्वतःच्या स्वभावाचा अभ्यास कसा करायचा, हे एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांना कळत नाही आणि त्यांच्या आईवडिलांनाही सांगता येत नाही. क्लासची जाहिरात नेमकी या ठिकाणी बोट ठेवते. ‘मंडळावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाकडून थेट मार्गदर्शन, निवड न झाल्यास संपूर्ण फी परत’ असा तो मजकूर होता आणि खाली खांद्यावर तारे असलेल्या हसऱ्या तरुणतरुणींची छायाचित्रे होती. त्यांच्यापैकी किती जण त्या क्लासची पायरी चढले होते, हे विचारल्यावर आजतागायत उत्तर मिळालेले नाही.

पहिला हप्ता १८ हजारांचा होता आणि तो निवासी वर्गाचा म्हणून घेतला गेला. वर्ग सुरू होऊन दोन-तीन दिवस झाल्यावर सर्वांना सांगण्यात आले की, आतापर्यंत शिकवले ते सर्वसाधारण होते, मानसशास्त्रीय चाचण्यांचे ‘खास साहित्य’ वेगळे आहे आणि त्यासाठी १२ हजार भरावे लागतील. मुले तोवर घर सोडून आलेली असतात, शेजारच्या खाटेवरचा उमेदवार पैसे भरतो आहे हे त्यांना दिसत असते, आणि बोलावणे पंधरवड्यावर आलेले असते. अशा स्थितीत ‘नको’ म्हणणे किती अवघड असते, याचा हिशेब क्लासने आधीच केलेला असतो. तिसरा हप्ता १५ हजारांचा. तो ‘पॅनेलवरील मानसशास्त्रज्ञाकडून उत्तरांची वैयक्तिक तपासणी’ या नावाने, क्लासच्या खात्यावर न घेता एका व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर यूपीआयने मागवला गेला. मी आयुष्यभर सहकारी बँकेच्या कर्जविभागात काम केले आहे. संस्थेच्या नावाने व्यवहार करणारा माणूस पैसे मात्र स्वतःच्या खात्यावर मागतो, तेव्हा त्या संस्थेला कागदोपत्री अस्तित्व कितपत आहे याची चौकशी करण्याची वेळ आलेली असते. मुलीने हा हप्ता तिच्या बचतीतून भरला आणि मला त्याचा पत्ता पावत्या एकत्र मांडल्या तेव्हा लागला.

त्या खास साहित्यात काय होते, तेही सांगतो. दोन झेरॉक्स केलेल्या वह्या होत्या. एकीत काही शे शब्द आणि प्रत्येक शब्दापुढे तयार वाक्य होते. ‘अपयश’ या शब्दापुढे ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे’ असे, म्हणजे आपण चौथीच्या निबंधात लिहीत होतो तेच, इंग्रजीत लिहून दिलेले होते. दुसऱ्या वहीत सात गोष्टी होत्या. कोणतेही चित्र समोर आले तरी या सातांपैकी एक गोष्ट त्यावर बसवायची, नायकाचे नाव आणि वय बदलायचे, आणि अधिकाऱ्याच्या अंगी अपेक्षित असलेल्या १५ गुणांपैकी किमान पाच गुण तिच्यात आलेच पाहिजेत, अशी ताकीद होती. एका गोष्टीत गावात पूर येतो आणि नायिका मित्रमैत्रिणींना गोळा करून दोराच्या साहाय्याने लोकांना सोडवते. दुसरीत ती रक्तदान शिबिर भरवते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे वैयक्तिक माहितीपत्रक कसे ‘सजवावे’ याचा एक स्वतंत्र तास होता. ज्यांनी कधी मैदान पाहिले नाही त्यांना खो-खोच्या संघाचे कर्णधारपद लिहायला सांगितले जात होते. हे माहितीपत्रक उमेदवाराच्या सहीनिशी सरकारी मंडळाकडे जाते आणि मुलाखत घेणारा अधिकारी त्याच्याच आधारे प्रश्न विचारतो. तेव्हा पैसे घेऊन मुलांना खोट्या सहीला तयार करण्याचा हा प्रकार होता.

मुलीला प्रयागराजचे बोलावणे आले. पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धिमापनाच्या प्रश्नांनंतर एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते, मग गटात बसून प्रत्येकाने आपली गोष्ट थोडक्यात सांगायची आणि सर्वांनी चर्चा करून एक समान गोष्ट ठरवायची असते. तिच्या गटात तिच्याआधी एका मुलीने पुराची गोष्ट सांगितली. दोर, मित्रमैत्रिणी, जिल्हाधिकाऱ्यांची शाबासकी, सगळे जसेच्या तसे. त्यानंतर आणखी एकीने तीच सांगितली. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा तिच्यासमोरच्या कागदावरही तीच गोष्ट लिहिलेली होती आणि ती बदलता येणार नव्हती. चित्रात, तिच्या सांगण्याप्रमाणे, पाण्याचा थेंबही नव्हता. त्या तिघींपैकी कोणीही चाळणीतून पुढे गेले नाही. संध्याकाळी तिघी एकाच रिक्षाने रेल्वेस्थानकावर आल्या आणि एकाच क्लासच्या वह्या तिघींच्या बॅगांत निघाल्या. पहिल्या वेळच्या उमेदवाराला मिळणारे रेल्वेभाडे त्याच प्रकारच्या प्रवेशासाठी पुन्हा मिळत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेचा प्रवासखर्चही आमच्याच माथी आला.

पैसे परत मागितले तेव्हा अटी पुढे आल्या. पहिली अट अशी की, हमी ही दुसऱ्या दिवसाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांची आहे, पहिल्या दिवसाच्या चाळणीची नाही. दुसरी अट, जी मला पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत सापडली, ती वाचून मी थक्क झालो. उमेदवाराने मंडळात लिहिलेल्या उत्तरपुस्तिकांच्या प्रती क्लासला आणून द्याव्यात आणि त्यात शिकवल्याप्रमाणेच उत्तरे लिहिली असल्याचे सिद्ध करावे, तरच परतावा मिळेल. मंडळ त्या पुस्तिका उमेदवाराच्या हाती देत नाही. म्हणजे फी परत करण्याची वेळ कधी येणारच नाही अशी तजवीज करून मगच ‘हमी’ हा शब्द जाहिरातीत घातला होता. कर्जाच्या कागदांत पळवाटा शोधण्यात माझी नोकरी गेली, पण इतकी सफाईदार अट मी क्वचितच पाहिली असेल.

‘पॅनेलवरील मानसशास्त्रज्ञ’ म्हणून ज्यांची ओळख करून दिली होती, त्यांचा उलगडा एका निवृत्त कर्नलसाहेबांमुळे झाला. आमच्या सातारा जिल्ह्यात असे मार्गदर्शन मागायला फार लांब जावे लागत नाही; अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आणि १९६१ पासूनची सैनिक शाळा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे प्रत्येक पेठेत कोणी ना कोणी साहेब भेटतात. आम्ही त्यांना सांगितले की, क्लासमधले ते सर आपण मंडळावर असताना उमेदवारांना खोलीत बोलावून तासभर कशी प्रश्नोत्तरे करत असू, याचे किस्से रंगवून सांगतात. कर्नलसाहेब हसले. मंडळावरचा मानसशास्त्रज्ञ उमेदवाराशी असा संवाद साधतच नाही. तो केवळ उमेदवाराने लिहिलेले वाचतो आणि त्यावरून आपले मत बनवतो. मुलाखत अधिकारी वेगळा, मैदानावरच्या गटकार्यांचा अधिकारी वेगळा, आणि हे तिघे आपापले मूल्यमापन स्वतंत्रपणे करतात. पाचव्या दिवसाच्या बैठकीत ती मते समोरासमोर येतात. मनसा, वाचा, कर्मणा या तिन्ही बाजूंनी एकच माणूस दिसतो का, हे पाहायची ती पद्धत आहे. त्यामुळे कागदावर पुरातून लोकांना वाचवणारी मुलगी मैदानावर फळी उचलायला पुढे येत नसेल, तर तिघांच्या नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत.

दुसऱ्या दिवसाच्या चाचण्या कशा असतात हे पाहिले, तर पाठांतर का चालत नाही ते आपोआप कळते. आधी चित्रांवरून गोष्टी असतात. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या चाचणीवर हा प्रकार बेतलेला आहे. ११ चित्रे आणि शेवटी एक कोरा पडदा, प्रत्येकी ३० सेकंद पाहायचे आणि चार मिनिटे लिहायचे. मग ६० शब्द, एकेक शब्द १५ सेकंदांसाठी, त्यात वाचणे, सुचणे आणि लिहिणे सगळे आले. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचे, म्हणजे प्रसंगाला अर्धे मिनिट, आणि शेवटी आईवडील, शिक्षक, मित्र आणि आपण स्वतः आपल्याविषयी काय म्हणतो याचे १५ मिनिटांतले वर्णन. हे सगळे एका सकाळी, जवळजवळ सलग. घोकलेली वाक्ये पहिल्या दहा-बारा शब्दांना पुरतात, मग वेळ संपत जाते, वाक्ये अर्धवट राहतात आणि मधूनच मूळ स्वभावाची वाक्ये येऊ लागतात. कागदावर दोन वेगळ्या माणसांचे लेखन दिसते. सुविचार लिहिल्याने उमेदवाराविषयी काहीच कळत नाही, आणि तेच सुविचार वाचणाऱ्याने आधीही असंख्य वेळा वाचलेले असतात. या चाचण्या विकसित करणे आणि मूल्यमापकांना प्रशिक्षण देणे हे दिल्लीच्या संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेचे कामच आहे. सात गोष्टींची वही त्यांच्या नजरेतून सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. व्यक्तिमत्त्व चाचणीची ‘उत्तरे’ विकणारा माणूस जी वस्तू विकतो, ती अस्तित्वातच नसते. वेळेत लिहिण्याचा सराव, चार लोकांत बोलण्याची सवय, स्वतःच्या माहितीपत्रकातील प्रत्येक ओळीविषयी खरे बोलता येणे, एवढी तयारी होऊ शकते आणि तिला कोणी हमी देत नाही.

ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती अशी, की ही तयारी महाराष्ट्र शासनाकडून विनामूल्य होते. सैनिक कल्याण विभागातर्फे नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्यातील युवक-युवतींसाठी एसएसबीचा निवासी वर्ग चालतो. राहणे, जेवण आणि प्रशिक्षण यांचे पैसे घेतले जात नाहीत. सीडीएस किंवा एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार, तसेच विहित श्रेणीचे एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेले उमेदवार त्यासाठी पात्र असतात आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करता येतो. त्या कार्यालयाची पाटी आमच्या नेहमीच्या रस्त्यावर आहे. पुण्याच्या क्लासची जाहिरात मात्र मुलीच्या मोबाइलवर निकालाच्याच रात्री पोहोचली होती. पुढच्या वेळी मुलगी नाशिकला जाऊन मग मंडळापुढे गेली आणि पाचव्या दिवसाच्या बैठकीपर्यंत टिकली. निवड झाली नाही, पण आपण तिथे काय लिहिले हे तिला घरी आल्यावर आठवत होते, कारण ते तिचे स्वतःचे होते.

तक्रारीविषयी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार निवडीची हमी देणारे दावे करता येत नाहीत आणि यशस्वी उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे असल्यास निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. या सूचना ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना लागू आहेत. लहान क्लास त्यातून निसटला, तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला लागू होतोच. आम्ही प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर क्लासने तिसऱ्या हप्त्याचे १५ हजार परत करण्याची तयारी दाखवली, मात्र ‘आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे लिहून मागितले. ते लिहून दिले नाही आणि जिल्हा आयोगाकडे गेलो. सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. फक्त तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

आयोगापुढे उपयोगी पडलेली कागदपत्रे पुढीलप्रमाणे होती: जाहिरातीचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, पावतीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, यूपीआयच्या व्यवहारात पैसे घेणाऱ्याचे दिसणारे नाव, व्हॉट्सअ‍ॅप गटातील संभाषण (गटातून काढून टाकण्यापूर्वी उतरवून घेतलेले) आणि त्या दोन झेरॉक्स वह्या. प्रयागराजच्या रिक्षातील इतर दोघींनीही आपापल्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांपैकी एकीने स्वतंत्र तक्रार दाखल केली आहे. याच पद्धतीने पैसे भरलेल्या इतरांनी आपल्या पावतीची मागची बाजू आजच वाचावी.