एकच माणूस, एकच वॉर्ड, दोन क्लेम: आरोग्य विम्याचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) पॉलिसी नोव्हेंबर २०१९ ची, पाच लाखांची. पहिली पाच वर्षं दर दिवाळीच्या सुमारास प्रीमियम भरायचा आणि फाइल परत कपाटात, एवढाच तिचा वापर. खरी कामाला आली ती ऑक्टोबर २०२४ पासून, तेव्हा अनुभव तिथून पुढचाच लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. मी जिथे अडकले ते कलम तुमच्याही पॉलिसीत असण्याची दाट शक्यता आहे, मग कंपनी कुठलीही असो.

नवऱ्याचं बडोद्यातल्या दांडिया बाजारात चष्म्याचं दुकान आहे. नवरात्र संपलं आणि दुकानातल्या पोऱ्याचा फोन आला, ‘काकी, काका तासाभरापासून एकच फ्रेम पुसतायत.’ जेवण तुटलं होतं, झोप नव्हती, हे मला दिसत होतंच, पण धंद्याची काळजी म्हणून मी सोडून देत होते. एका रात्री ‘जगून करायचंय काय’ असं तो अगदी सरळ आवाजात म्हणाला, तेव्हा हातपाय गार पडले. रात्री दोन वाजता १४४१६ वर, म्हणजे सरकारच्या टेली-मानसवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने एकच गोष्ट तीनदा सांगितली: आज रात्री त्यांना एकटं सोडू नका आणि सकाळी डॉक्टरांकडे न्या. सकाळी भरती केलं.

पहिला क्लेम. मला वाटलं होतं मनाचा आजार म्हटल्यावर विमावाले दारातूनच परत पाठवतील. तसं झालं नाही. रुग्णालयातल्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) डेस्कवरच्या मुलीने कागद पाठवले आणि दोन तासांनी क्वेरी आली: रुग्णाला भरती करण्याची गरज काय, ओपीडीत उपचार का होऊ शकत नाहीत? हा प्रश्न मनाच्या आजारात जवळजवळ हमखास येतो, तयारीत राहा. आमच्या डॉक्टरांनी राउंड अर्धवट सोडून लेटरहेडवर निळ्या पेनाने अर्धं पान लिहून दिलं: जिवाला धोका आहे, चोवीस तास देखरेख हवी, दोन औषधांचा डोस भरती ठेवूनच वाढवावा लागेल. त्या अर्ध्या पानावर मंजुरी आली. कॅशलेसचा, म्हणजे कंपनी परस्पर रुग्णालयाला पैसे भरणार का याचा, निर्णय एका तासात द्यायचा असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे, आम्हाला सात तास लागले. पण डिस्चार्जच्या दिवशी तीन तासांची मुदत असताना अडीच तासांत मोकळे झालो, हेही सांगायला हवं. नऊ दिवसांचं बिल ८६,४०० रुपये, त्यातले ७४,९०० कंपनीने भरले. बाकी हातमोजे, फाइल चार्जेस वगैरे नेहमीची कापाकापी.

हे आपोआप झालेलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २१(४) मध्ये आहे की शरीराच्या आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे. तरीही कंपन्या जुनं कलम दाखवून क्लेम नाकारत होत्या. अशाच एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विमा कंपनीला फटकारलं. पुढे विमा नियामकाने (आयआरडीएआय) हे कलम पाळायला सगळ्या पॉलिसींना ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून दिली. म्हणजे माझा नवरा तीन वर्षं आधी आजारी पडला असता तर ही पहिली लढाईही मला लढावी लागली असती.

आता खिशाचं. डिप्रेशनचा खर्च वॉर्डात होत नाही, वॉर्डाबाहेर होतो. डॉक्टरांची महिन्याची भेट ८००, गोळ्या १,६५०, समुपदेशन आठवड्याला १,२००. महिन्याला सव्वासात हजारांच्या घरात, आणि पॉलिसी म्हणते आधी भरती होऊन दाखवा. ‘समान’ म्हणायचं तर ओपीडी तापाचीही देत नाहीत आणि मनाचीही देत नाहीत, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? हर्निया एकदा कापला की संपतो. हा आजार दर मंगळवारी साडेपाचला समोर बसून बोलल्याने बरा होतो, त्याला भरती कुठून आणायची! एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली त्याच आजाराची औषधं आणि भेटी मिळतात. तुमच्याकडे किती दिवस आहेत ते बघून घ्या. समुपदेशनाची बिलं पहिल्यांदा परत आली, कारण त्यांवर नोंदणी क्रमांकच नव्हता. आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या आहेत. तो क्रमांक आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून दिली, तर आठपैकी सहा बिलं पास झाली. उरलेली दोन का नाही, कुणास ठाऊक.

मे २०२५. इथे मला एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो पीत होता. गुजरातेत दारू मिळत नाही, म्हणजे फोन केला की घरपोच येते. परमिटशिवाय पिणं गुन्हा असल्यामुळे पहिल्या भरतीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा याने ‘कधीतरी’ म्हणून वेळ मारून नेली होती, आणि मी खाली मान घालून गप्प. मे महिन्यात लेकीचा बारावीचा निकाल लागला, तिने काहीतरी बोलून दाखवलं, आणि याने एका दिवसात बाटली बंद केली. आम्ही खूश. तिसऱ्या रात्री हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना. पहाटे मी उठून पाहते तर चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या तो एकेक करून टिपत होता. रोज पिणाऱ्याने दारू अशी एकदम तोडली की फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे मला इमर्जन्सीत कळलं, थायमिनची सुई टोचत असताना. सोडायची तीही डॉक्टरांच्या हाताखाली सोडायची असते.

तोच वॉर्ड, तेच डॉक्टर, बेडही खिडकीकडून दुसरा, तोच. सात दिवस, ६१,२५० रुपये. कॅशलेस नाकारलं. आम्ही खिशातून भरून नंतर कागद पाठवले, तर दोन ओळींचं उत्तर आलं: अपवाद क्रमांक १२, दारू, अमली पदार्थ किंवा कोणतंही व्यसन, त्यावरचे उपचार आणि त्याचे परिणाम. डिस्चार्ज कार्डवर डिप्रेशनही लिहिलेलं होतं, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत दारू होती.

मग मी बसून वाचलं. हा अपवाद कंपनीने मनाने घातलेला नाही. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमांत तो शब्दशः छापून दिलेला आहे. आणि त्याच नियमांत लिहिलंय की मानसिक आजार पॉलिसीतून वगळता येणार नाही. आता २०१७ चा कायदा उघडा. त्यात मानसिक आजाराची व्याख्या दिली आहे, आणि दारू किंवा अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था त्या व्याख्येत स्पष्ट धरलेल्या आहेत. म्हणजे संसदेच्या लेखी माझा नवरा दोन्ही वेळा मनाचाच रुग्ण, आणि पॉलिसीच्या लेखी ऑक्टोबरात रुग्ण, मे महिन्यात दारुडा. माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं बिड्या ओढल्या. त्यांच्या अँजिओप्लास्टीला कॅशलेस दुपारच्या जेवणाआधी मंजूर झालं होतं, ‘व्यसनाचे परिणाम’ तेव्हा कुणाच्या डोक्यातही आले नाहीत.

कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं, विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाकलं. महिन्याने तेच अपवाद क्रमांक १२. मग ऑगस्टमध्ये अहमदाबादला विमा लोकपालांकडे अर्ज केला. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं. मी अर्जात एवढंच म्हटलंय की कायदा मोठा की नियमावली. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. पैसे मिळतील याची मला फारशी आशा नाही, पण कागदावर प्रश्न तरी राहील.

नणंद न्यू जर्सीत असते (बडोद्यात कुणाची नसते?). तिकडे २००८ च्या समानतेच्या कायद्यात मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही एकत्र धरलेत: विमा या उपचारांना संरक्षण देत असेल, तर त्यांच्यावर शरीराच्या आजारापेक्षा कडक अटी घालता येत नाहीत. ऐकायला फार छान. मात्र पूर्वपरवानगीसाठी फोनवर ताटकळणं तिथेही चुकत नाही, असं तीच म्हणते.

गुण द्यायचे तर भरतीच्या डिप्रेशनला पाचपैकी चार, ओपीडीला एक, व्यसनाला शून्य. खर्च झेपत नसेल तर कारेलीबागेतलं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. तिथे जायला लाजू नका, आम्ही उगीच लाजलो.

नोव्हेंबरमध्ये पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून बघायचं ठरवलं. एजंट फॉर्म घेऊन घरी आला. मद्यपान करता का, होय की नाही, या रकान्यावर बोट ठेवून मला म्हणाला, ‘भाभी, ना लखी दो ने,’ म्हणजे ‘नाही’ लिहून टाका ना. खोटं लिहिलं आणि पुढे उघडकीला आलं तर सगळीच पॉलिसी हातची जाते, हे मी त्याला सांगणार तेवढ्यात नवऱ्याने पेन घेतलं, ‘होय’वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, मे २०२५ पासून बंद. आठ दिवसांनी नकार आला. जुनीच रिन्यू केली. सप्टेंबरपासून प्रीमियमवरचा जीएसटी गेलाय, त्यामुळे पाचेक हजार वाचले. ते मंगळवारच्या फीत गेले.