सोलापुरातील ‘जपानी मूल्यमापन’ कार्यशाळा : सकाळ भरीव, दुपार पोकळ

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्यांच्या व्यवस्थापकांसाठी झालेल्या या एकदिवसीय कार्यशाळेचा विषय कामगिरीवर आधारित वेतन हा होता, आणि त्यासाठी जपानचे उदाहरण घेण्याचा आयोजकांचा निर्णय मला योग्य वाटला. वय आणि सेवाकाळानुसार पगार वाढवणारी तेथील जुनी पद्धत १९९० च्या दशकातील मंदीत कंपन्यांना का पेलवेनाशी झाली, हे वक्त्यांनी नेमकेपणाने मांडले. फुजित्सू या जपानी संगणक कंपनीने १९९३ मध्ये उद्दिष्टांवर आधारित मूल्यमापन सुरू केले. परंतु चांगला शेरा मिळावा म्हणून कर्मचारी सोपीच उद्दिष्टे निवडू लागले, अवघड आणि दीर्घ मुदतीची कामे मागे पडली, आणि पुढे कंपनीला निकालाबरोबर कामाच्या प्रक्रियेलाही महत्त्व द्यावे लागले, हा भाग तर पुन्हा ऐकावा असा होता.

दुपारी मात्र निराशा झाली. वाटलेली गुणपत्रके कार्यालयीन नोकरांसाठी बेतलेली होती. ज्या शहरात विणकराला नगावर आणि विडी कामगाराला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तेथे उत्पादनानुसार मोबदला ही काही नवलाई नव्हे. मागांवर देखरेख ठेवणाऱ्या जॉबरचे किंवा माग दुरुस्त करणाऱ्याचे काम कसे मोजावे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारल्यावर ‘चहानंतर बोलू’ एवढेच उत्तर मिळाले. (चहा उत्तम होता.) शुल्क पाहता छापील टिपणे तरी मराठीत हवी होती. मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्यांनी अवश्य जावे. खात्यात प्रत्यक्ष माणसे सांभाळणाऱ्यांनी जेवणानंतर निघाले तरी चालेल.