आर्देन, डिसेंबर 1944: तयार ओव्हरकोट की पुट्टीचा?

दुसऱ्या महायुद्धातल्या आर्देनच्या हिवाळी लढाईसाठी 28 मिमीच्या छोट्या प्रतिकृतींचे अमेरिकन पायदळ बर्फात उतरवायचे तर दोन वाटा: ओव्हरकोटातले तयार शिपाई घ्या, नाहीतर आखूड फील्ड जॅकेटवाल्यांना पुट्टीने (मळून आकार द्यायच्या, मग कडक होणाऱ्या लगद्याने) कोट चढवा. तयार संचात चुण्या आणि बटणांच्या दोन रांगा नेमक्या मिळतात. पण अख्खी पलटण कोटात असली की खोटी वाटते. भिजून जड झालेले कोट कित्येकांनी टाकूनच दिले होते.

पुट्टी स्वस्त, पण किचकट. आधी पाण्याची बाटली, फावडे, पाठपिशवी कापून बाजूला ठेवा, नाहीतर ती कोटाखाली गाडली जातात. ग्रीन स्टफ या पुट्टीचे निळे-पिवळे भाग सारखे मळा, हत्यार ओले ठेवून कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत अर्धा मिमी थर द्या. धावणाऱ्याच्या दोन पायांमध्ये थर लोंबतो, म्हणून उभे शिपाईच निवडा. सामान पुट्टी कडक झाल्यावरच चिकटवा.

आमचे मत मिश्रणाला. 12 जणांच्या स्क्वॉडमध्ये चार तयार कोटवाले, बाकी जॅकेटवर मफलर. एकदोघांना बर्फात लपण्यासाठी पांढऱ्या चादरीचा अंगरखा: टिश्यू आणि पातळ फेव्हिकॉल. त्याला थेट पांढरा रंग देऊ नका, खडूसारखा दिसतो. फिकट राखाडीवरून चढत जा.